एमएम 540 उजव्या अंगाला बसली आहे, दोष कुठे शोधावा?

गिरणारेकर
शनिवार, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. घरी 1993 ची महिंद्राची एमएम 540 जीप आहे. 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. वडिलांनी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. टोमॅटोचे क्रेट वाहिले, पाहुण्यांना त्र्यंबकला नेलं, पावसाळ्यात मळ्यातून ट्रॅक्टरसुद्धा ओढून काढला. वडील आता चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन उभे राहतात. म्हणून ती नीट करायची आहे. विकायचा प्रश्नच नाही.

गाडी गेली दोन वर्षं उजव्या अंगाला बसत चालली आहे. मागून बघितलं की उजवा कोपरा सरळ खाली दिसतो. आधी एका गॅरेजवाल्याने चारही शॉक बदलले, काडीचा फरक पडला नाही. मग दुसऱ्याने मागच्या उजव्या सेटमध्ये, म्हणजे त्या चाकावरच्या एकावर एक रचलेल्या पाट्यांमध्ये, एक जादा पाटा घातला. त्याने कल बोटभर कमी झाला, पण मागून गाडी दगडासारखी कडक झाली आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पुढचं उजवं चाक आधी घसरतं. आता तिसऱ्याकडे जायची हिंमत होत नाही. आधी स्वतः समजून घ्यायचं आहे. कुठून सुरुवात करू?

जिप्सीवाली
शनिवार, रात्री 10:20

दादा, पहिलं काम म्हणजे तो जादा पाटा काढा. तो आत असेपर्यंत कुठलंही माप खरं सांगणार नाही.

दुसरं, चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघा, आणि हवा थंड टायरवर मोजा. माझ्या जिप्सीचा कल मी महिनाभर शोधत होते. त्यातला अर्धा भाग एका जास्त झिजलेल्या टायरचा निघाला. टायर काहीच न सोडता तपासता येतो, म्हणून तो आधी.

पेठरोड_रायडर
शनिवार, रात्री 10:41

शॉक लोकल होते का? चांगले गॅसचे शॉक टाकले तर गाडी उचलली जाते असं ऐकलंय.

जुना_पाना
रविवार, सकाळी 7:15

पेठरोडभाऊ, शॉक अॅब्सॉर्बर गाडीचं वजन पेलत नाही. पाटा वरखाली होतो त्या हालचालीला तो लगाम घालतो. गाडी उभी असताना साध्या तेलाच्या शॉकचं काम जवळजवळ शून्य. गॅसच्या शॉकमध्ये दाब असतो म्हणून तो दांडी थोडी बाहेर ढकलतो, पण सव्वा-दीड टनाच्या जीपपुढे तो जोर किरकोळ. शॉक खराब असेल तर गाडी डोलते, उसळते. एका अंगाला बसत नाही.

गिरणारेकर, मी सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलं. माप घेतल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही ही तिथली सवय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सपाट जागा शोधा. पेट्रोल पंपाचं काँक्रीट सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. घराचं अंगण तर सोडूनच द्या. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि चारही चाकांखालची जमीन तपासा. अगदी सपाट जागा मिळालीच नाही तर एकदा मापं घ्या, गाडी उलट्या तोंडाने त्याच चार जागांवर उभी करा आणि पुन्हा घ्या. दोन्हींची सरासरी काढली की जमिनीचा उतार हिशेबातून निघून जातो.

गाडीत कोणी बसू नये, हौद्यातलं सामान काढा. डिझेल किती आहे ते लिहून ठेवा. टाकी एका बाजूला असेल तर 40 लिटर डिझेलचं साधारण 33 किलो वजन त्याच बाजूला पडतं. मग गाडी दहा-बारा फूट पुढेमागे ढकला आणि चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतील. ब्रेक मारून थांबवू नका, हळूच थांबू द्या.

आता प्रत्येक कोपऱ्याला दोन मापं. एक, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. दुसरं, एक्सलच्या नळीपासून थेट वर चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, खालच्या कडेपर्यंत. बहुतेक जण पहिलंच घेतात आणि तिथेच फसतात. मडगार्ड बॉडीचा भाग. बॉडी रबरांवर बसलेली असते, पत्रा वाकलेला असतो. पाट्यांचं खरं सांगतं ते दुसरं माप.

गिरणारेकर
रविवार, संध्याकाळी 6:30

काका, जादा पाटा आज काढला. टायर चारही सारखे, हवा सारखी केली. डिझेल अर्धी टाकी. ज्या शेडमध्ये आम्ही क्रेट लावतो तिथली फरशी नळीने तपासली, रुंदीत 3 मिमी फरक निघाला, म्हणून गाडी फिरवून दोनदा मापं घेतली. सरासरी अशी, सगळी मिमीमध्ये:

चेसी ते एक्सल: पुढे डावीकडे 148, उजवीकडे 120. मागे डावीकडे 162, उजवीकडे 136.

मडगार्डपर्यंत: पुढे डाव्या-उजव्यात 30 चा फरक, मागे 37 चा.

म्हणजे पुढे 28 आणि मागे 26. दोन्हीकडे सारखंच बसलंय. मग उजव्या बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही सेट गेले असं समजू का?

नांदूरनाका
रविवार, संध्याकाळी 7:05

सरळ आहे की. उजवे दोन्ही बदलून टाका. किंवा चारही.

जुना_पाना
रविवार, रात्री 8:40

थांबा, घाई करू नका. या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, म्हणून नीट वाचा.

एमएम 540 ही विलिस जीपच्या घराण्यातली. शिडीसारखी चेसी आणि खाली दोन आडवे सलग एक्सल. ही चेसी पिळाला थोडीफार लवचीक असते, पण सपाट जमिनीवर नुसती उभी असताना ती एखाद्या लाकडी पाटासारखी ताठच धरायची. चारही टायर सारखे, जमीन सपाट, म्हणजे दोन्ही एक्सल जमिनीला समांतर. त्यावर ताठ चेसी कलली तर पुढे जितकी कलणार तितकीच मागेही कलणार. तिला दुसरा मार्गच नाही. म्हणून पुढे 28 आणि मागे 26 आलं. एकटा पुढचा उजवा पाटा मेला असता तरी अशीच मापं आली असती, आणि एकटा मागचा मेला असता तरीही अशीच.

चार कोपऱ्यांच्या मापातून कल किती आहे ते कळतं, कुणामुळे आहे ते कळत नाही. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने मागचा उजवा कोपरा खाली दिसला म्हणून तिथे पाटा घातला. दिसायला बरोबर. पण चौरंगाचा एक पाय आखूड असताना भलत्याच पायाखाली घडी घातली की काय होतं? वरची फळी सरळ वाटते आणि वजन तिरक्या समोरासमोरच्या दोनच पायांवर जातं. मागे उजवीकडे जादा जोर दिला की पुढच्या डाव्या चाकावर भार वाढतो आणि पुढचं उजवं हलकं होतं. हलकं चाक ब्रेक मारल्यावर आधी घसरणार. तुमचा ओल्या रस्त्यावरचा अनुभव नेमका हाच आहे.

आता दोषी शोधण्याची रीत. मागच्या आडव्या पट्टीच्या, म्हणजे क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यभागी जॅक लावा आणि चेसी उचला. मागचे टायर जमिनीवर जेमतेम टेकलेले राहतील इतकंच उचलायचं. आता गाडीचा मागचा भाग एकाच बिंदूवर तोललेला आहे. तो बिंदू गाडीला ना डावीकडे धरून ठेवतो ना उजवीकडे. कल फक्त पुढचे दोन पाटे ठरवणार. पुढची दोन्ही मापं घ्या. मग उलट करा, पुढच्या क्रॉसमेंबरच्या मध्यभागी जॅक आणि मागची मापं.

जिप्सीवाली
रविवार, रात्री 9:02

काकांनी लिहिलेली चाचणी मी केली आहे, उत्तम आहे. पण एका बिंदूवर तोललेली गाडी घसरू शकते. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावा, चेसीखाली दोन्हीकडे घोड्या (जॅक स्टँड) उभ्या करा, बोटभर अंतर सोडून, म्हणजे मापात अडथळा येणार नाही आणि जॅक सटकला तर गाडी त्यांच्यावर बसेल. मापासाठी गाडीखाली आडवं पडू नका, बाजूने हात घाला. आणि घरात सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली काम करताय.

पांडवलेणी_थार
सोमवार, दुपारी 1:10

मध्येच विचारतो, माफ करा. माझी 2012 ची थार, सीआरडीई. तीही पुढून उजवीकडे 15 मिमी खाली आहे. माझ्याकडे पुढे पाटे नाहीत. हीच चाचणी चालेल का?

जुना_पाना
सोमवार, दुपारी 3:30

चाचणी हीच. उपाय वेगळा. तुमच्या थारला पुढे टॉर्शन बार आहे, लांब पोलादी दांडी पिळली जाते आणि तीच स्प्रिंगचं काम करते. तिच्या एका टोकाला ताण कमीजास्त करायचा बोल्ट असतो. आधी स्टॅबिलायझर बारची, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून गाडीचं डोलणं रोखणाऱ्या दांडीची, एक लिंक सोडून बघा, कारण तो वाकला असेल किंवा त्याच्या लिंका लहानमोठ्या असतील तर तोच गाडीला तिरपी धरून ठेवतो. तो निर्दोष ठरला तरच बोल्टकडे वळा. पुढची चाकं उचलून लोंबती करा, बोल्टवर खूण करा, किती फेरे दिले ते लिहा, एका वेळी एकच फेरा. खाली उतरवल्यावर गाडी पुढेमागे चालवल्याशिवाय माप घेऊ नका, टायर जमिनीला घासून अडकलेले असतात. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइट दोन्ही नव्याने, कारण या रचनेत उंची बदलली की चाकाचा कोन बदलतो. दांड्या कधी काढल्याच तर डावी-उजवी अदलाबदल करू नका. प्रत्येक दांडी तिच्या पिळाच्या दिशेसाठीच तयार केलेली असते, टोकाला खूण असते.

गिरणारेकर
मंगळवार, रात्री 9:15

चाचणी झाली. दोन्ही वेळा तीनदा माप घेतलं.

मागे मध्यभागी जॅक: पुढचा फरक 28 वरून थेट 48 झाला.

पुढे मध्यभागी जॅक: मागचा फरक 26 वरून 8 वर आला.

काका, मी दोन वर्षं मागच्या कोपऱ्याकडे बघत होतो. मागचे पाटे तर बिचारे गाडी सरळ धरायचा प्रयत्न करत होते. वडील शेजारी उभे होते, त्यांना आकडे दाखवले. ते एवढंच म्हणाले, "पुढचं उघड."

जुना_पाना
मंगळवार, रात्री 9:50

वडिलांचं बरोबर आहे. पुढचे दोन्ही सेट उतरवा, एकटा उजवा नको. पण सोडण्याआधी एवढं बघून घ्या. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कड्या, दोन्हीकडे सारखे तिरपे आहेत का, आणि पहारीने ढकलल्यावर हलतात का. गंजून जाम झालेला शॅकल पाट्याला लांबू देत नाही, मग पाटा चांगला असूनही गाडी एका उंचीवर अडकते. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट कितपत कसलेले आहेत ते सोडताना हाताला जाणवेल, ते इथे नक्की लिहा. आणि पाटा जिथे चेसीला टांगलेला असतो तो हँगर तारेच्या ब्रशने घासून बघा.

जिप्सीवाली
मंगळवार, रात्री 10:15

हँगरबद्दल माझंही ऐका. माझ्या जिप्सीत शेवटी दोष तिथेच सापडला. वैतरण्याकडच्या पावसात अनेक वर्षं चाललेली गाडी, चेसीच्या आत चिखल साचून राहिलेला. बाहेरून रंग शाबूत होता. घासल्यावर हँगरच्या वेल्डलगत केसासारखी भेग दिसली. त्यावर नुसतं वेल्डिंग ओढून भागत नाही. भेगेच्या टोकाला बारीक छिद्र पाडून ती थांबवावी लागते, मग खाच करून वेल्ड आणि वरून पट्टी. नवे पाटे घालून मी ती भेग झाकली असती तर घाटात हँगर हातात आला असता.

गिरणारेकर
गुरुवार, रात्री 10:30

आज दोन्ही सेट उतरले. सकाळी सुरुवात केली, दिवस मावळला.

शॅकल दोन्ही हलत होते, उजवा जरा जड. हँगर घासले, भेग नाही. उजव्या बाजूच्या यू बोल्टांचे चारही नट मी साध्या पान्याने, जोर न लावता सोडले. डाव्या बाजूला पान्यावर पाइप चढवावा लागला.

आणि उजवा सेट उघडल्यावर दोष समोर आला. वरून तिसरा पाटा बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून दोन तुकडे. तुकडे जागच्या जागी बसलेले, वर यू बोल्टची प्लेट, बाजूला ग्रीस आणि मातीचा थर, म्हणून बाहेरून कुणालाच दिसलं नाही. तुटलेली कडा गंजून काळी पडलेली आहे, म्हणजे जुनंच दुखणं. त्याच्या खालच्या पाट्यालाही भोकाजवळ भेग सुरू झाली आहे.

दोन्ही सेट जमिनीवर उलटे ठेवले, मेन पाट्याच्या एका टोकाच्या बुशपासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणली आणि मधली कमान मोजली. डावा 92, उजवा 61.

तो तुटलेला पाटा हातात घेतल्यावर वाईट वाटलं. या अवस्थेत मी वडिलांना आणि घरच्यांना घेऊन सप्तशृंगीला जाऊन आलोय.

जुना_पाना
शुक्रवार, सकाळी 6:50

वाईट वाटून घेऊ नका, सापडलं हे महत्त्वाचं.

पाटा भोकातूनच का तुटतो ते सांगतो. भोक पाडलं की तिथला पाटा अरुंद होतो, सगळ्यात कमजोर जागा ती. पण यू बोल्ट नीट कसलेले असतील तर तो मधला भाग एक्सलवर घट्ट आवळलेला असतो, तिथे पाटा वाकतच नाही. वाकतो तो आवळलेल्या भागाच्या बाहेर. यू बोल्ट ढिले झाले की मधला भागही प्रत्येक खड्ड्यात वाकायला लागतो आणि भोकापासून भेग निघते. तुमच्या हाताने सहज सुटलेले ते चार ढिले नट हे या तुटण्याचं कारण आहे. कधीतरी कुणीतरी तो सेट उतरवून बसवला आणि गाडी थोडी चालल्यावर पुन्हा कसला नाही. नव्याने बसवलेले पाटे दबून एकमेकांवर बसतात, मधला रंग आणि गंज चुरडून जातो, जाडी किंचित कमी होते आणि नट आपोआप ढिले पडतात.

नांदूरनाका
शुक्रवार, सकाळी 9:20

मी उजवे दोन्ही बदला म्हणालो होतो, मागचा फुकट गेला असता. शिकायला मिळालं.

आता पुढे काय? आमच्या नाक्यावर ट्रकचे पाटेवाले आहेत. तुटलेले दोन पाटे नवे घालून बाकीच्यांना कमान मारून, म्हणजे पुन्हा बाक आणून देतात. नव्या सेटच्या निम्म्याहून कमी पैशात होतं.

वाघेरा_घाट
शुक्रवार, सकाळी 10:05

किंवा उजव्या बाजूला एक्सल आणि पाट्याच्या मध्ये इंचभर लोखंडी ठोकळा. माझ्या पिकअपला मागे आहे, पाच वर्षं काही झालं नाही.

जिप्सीवाली
शुक्रवार, सकाळी 10:40

वाघेरा भाऊ, मागे असतो, बऱ्याच मालवाहू गाड्यांना कंपनीतूनच येतो. पुढे मात्र कधीही नाही. पुढच्या एक्सलवर ब्रेकचा सगळ्यात मोठा झटका आणि स्टीअरिंगचा जोर दोन्ही येतात. ठोकळ्यामुळे एक्सल पाट्यापासून लांब जातो, ब्रेक मारला की तो पीळ घेतो, आणि ठोकळा सटकला तर स्टीअरिंगच हातात राहत नाही. शिवाय इथे आत तुटलेला पाटा आहे. तो तसाच ठेवून वर उंची देणं मला पटत नाही.

गिरणारेकर
रविवार, रात्री 9:00

काल उजवा सेट घेऊन नाक्यावरच्या एका पाटेवाल्या चाचांकडे गेलो. सत्तरीच्या आसपासचे असतील. त्यांच्याकडे तासभर बसलो, त्यातलं जेवढं समजलं ते लिहितो, कारण ही माहिती कुठे लिहिलेली सापडत नाही.

ते कमान थंडच मारतात. पाटा खाचेच्या ठोकळ्यावर आडवा ठेवतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घणाचे जवळजवळ घाव. प्रत्येक घावाला पाटा केसभर वळतो. मधूनमधून शेजारच्या पाट्यावर ठेवून उजेडाकडे धरून फट बघतात. मी विचारलं, गॅसने तापवून लवकर होत नाही का? त्यांनी हातातला घण खाली ठेवला आणि म्हणाले, तापवला की तो पाटा राहत नाही, पट्टी होते. विळ्याचं पाणी जातं तसं पाट्याचंही जातं. तापवायचाच तर पूर्ण लाल करून तेलात विझवायचा आणि पुन्हा बेताने तापवून नरम करायचा, त्याला भट्टी लागते, माप लागतं. नुसत्या गॅसच्या ज्योतीने वळवलेला पाटा महिन्यात परत बसतो.

मग त्यांनी माझा सेट बघितला आणि कमान मारायला नकार दिला. दोन पाट्यांना भोकाजवळ दोष, बाकीच्यांची टोकं झिजून एकमेकांत खड्डे पडलेले. म्हणाले, मारून देईन, पैसेही घेईन, पण तू पावसाळ्यात परत येशील. पुढचे दोन्ही सेट नवेच घाल, आणि पाट्यांची संख्या आणि जाडी जुन्यासारखीच ठेव.

धंदा समोर असताना नाही म्हणणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला. चहासुद्धा त्यांनीच पाजला.

जुना_पाना
रविवार, रात्री 9:35

चाचांना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर सल्ला.

नवे सेट आणले की बसवण्याआधी दोन्ही दोरी लावून मोजा. नव्यांमध्येही थोडा फरक निघतो. जास्त कमानीचा सेट ड्रायव्हरच्या बाजूला घाला. चालवणारा माणूस नेहमी तिथेच बसतो, बाकीच्या जागा कधी भरलेल्या, कधी रिकाम्या. जुन्या सिरीज लँड रोव्हरला कंपनी मुळातच ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा जास्त कमानीचा देत असे, ते याचसाठी.

यू बोल्ट आणि नट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या पॅडमधल्या भोकात बरोबर बसलंय ना ते बोटाने चाचपा, नाहीतर एक्सल तिरपा राहील. यू बोल्ट एकदम एक पूर्ण कसू नका, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे. शॅकलचे आणि हँगरचे रबरी बुशचे बोल्ट आधी नुसते लावून ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, हलवा, वजन बसू द्या, मग कसा. हवेत लोंबत असताना कसलात तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली येताच पिळलं जातं, आणि ते रबर कायम गाडीला वर ढकलत राहतं. दोन्ही बाजूंना सारखं झालं नाही तर नव्या पाट्यांवरही कल येतो. लोकांना वाटतं नवा पाटा खराब निघाला.

गिरणारेकर
पुढचा रविवार, संध्याकाळी 7:20

बसवले. नव्या दोन सेटमध्ये 4 मिमी फरक होता, मोठा उजवीकडे घातला. बाकी सगळं काकांनी सांगितलं तसंच. बुश गाडी जमिनीवर उतरवून, शेडमध्ये चार फेऱ्या मारून मग कसले.

मापं, त्याच फरशीवर, दोन्ही तोंडांनी: पुढे फरक 6, मागे 7.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. नव्या पाट्यांनी गाडी पुढून वर आल्यावर सरळ जाताना स्टीअरिंग थोडं तिरपं राहायला लागलं.

जिप्सीवाली
पुढचा रविवार, संध्याकाळी 7:45

अभिनंदन दादा! स्टीअरिंगचं घाबरू नका. स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी, ड्रॅग लिंक, ती उंची बदलली की वेगळ्या कोनात येते. तिची लांबी थोडी जुळवली की स्टीअरिंग सरळ होतं. सॉकेट जीर्ण असतील तर त्याच वेळी बदला. आणि पुढच्या चाकांचे ब्रेकचे रबरी पाइप चाक पूर्ण लोंबतं असताना ताणले जात नाहीत ना, तेही बघा. गाडी वर आली आहे, पाइप तेवढेच आहेत.

मडगार्डचा फरक आता किती?

गिरणारेकर
पुढचा रविवार, रात्री 8:30

पाइपला जागा आहे, बघितलं. मडगार्डला पुढे 8, पण मागे अजून 18. हौद्याच्या मागच्या फळीवर ओळंबा सोडून बघितला, तोही तिरपा. म्हणजे चेसी सरळ आणि बॉडी तिरपी, बरोबर ना?

जुना_पाना
पुढचा रविवार, रात्री 8:55

बरोबर. 18 मधले 7 चेसीचे, उरलेले 11 बॉडीचे. तुमच्या पहिल्या मापातच ते होतं, मागे चेसीला 26 आणि मडगार्डला 37. उजवीकडची मागची बॉडी माउंटिंगची रबरं चपटी झाली असणार. दोन्ही बाजूंची बदला. बॉडीचे त्या बाजूचे सगळे बोल्ट आधी ढिले करा, लाकडी फळी लावून जॅकने हलकेच उचला, आणि उचलताना रेडिएटरचे पाइप, गिअरचा दांडा, वायरिंग ताणलं जात नाही ना याकडे कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. खालच्या चेसीच्या ब्रॅकेटला गंज असेल तर तो आधी.

पांडवलेणी_थार
सोमवार, सकाळी 8:10

माझंही कळवतो. स्टॅबिलायझरची लिंक सोडली आणि 15 मिमीचा फरक 4 वर आला. एक लिंक वाकलेली होती, टॉर्शन बारच्या बोल्टला हातही लावावा लागला नाही. नव्या दोन लिंका टाकल्या. हा धागा वाचला नसता तर मी बोल्ट फिरवून मोकळा झालो असतो.

गिरणारेकर
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 9:10

रबरं बदलली. उजवीकडच्या मागच्या रबराची जाडी डाव्याच्या जवळजवळ निम्मी उरली होती. ब्रॅकेटवर वरवरचा गंज होता, घासून रंग मारला. आता मडगार्डला मागे 8, पुढे 7. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो की उजवीकडे अजून थोडं दबतं, तेवढं चालायचंच.

मागचा जादा पाटा गेल्यामुळे हौद्यात बसलेल्या माणसाचे हाल थांबले. परवा पाऊस पडून गेल्यावर हरसूलच्या रस्त्याला मोकळ्या जागी मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला, गाडी सरळ थांबली.

आज 520 किलोमीटर झाले, म्हणून यू बोल्ट पुन्हा कसले. पुढच्या आठ नटांपैकी तीन नट पाव-पाव फेरा गेले, त्यातले दोन उजव्या बाजूचे. वडील खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक नट ते मोजत होते. पुढचा हात 1000 ला मारतो आणि इथे लिहितो.